जड आणि हलके : दोन्ही बरोबरच का पडतात?

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला विज्ञानातील एखाद्या विषयावर बोलावयास सांगितले, आणि शक्यतो सर्वांना समजेल असा विषय घ्यावा अशी सूचना केली. म्हणून मी अणुबॉम्ब किंवा अंतराळयान असा मोठा विषय न घेता अगदी साधा विषय निवडला आहे. हातातली वस्तू सोडली की ती खाली पडते. हे लहान मुलालाही ठाऊक आहे. प्रश्न एवढाच आहे, की एक जड आणि एक हलकी अशा दोन वस्तू एकाच उंचीवरून एकाच क्षणी सोडल्या, तर आधी कोणती पडेल?

हा प्रश्न आपण दहा जणांना विचारला, तर त्यातील बरेचजण चटकन म्हणतील, "जड वस्तू आधी पडेल." त्यांना दोष देता येणार नाही. जड वस्तू हातावर जास्त दाब देते, ती खाली जाण्यासाठी अधिक उतावीळ आहे असे हाताला वाटते. आणि शाळेत शिकलेली मुले काय म्हणतील? ती म्हणतील, "दोन्ही एकाच वेळी पडतील, कारण गुरुत्वीय त्वरण ९.८ आहे." उत्तर बरोबर आहे. परंतु "का?" असे विचारले, की बहुतेकजण गप्प होतात. ९.८ हा आकडा पाठ आहे, त्यामागचा विचार पाठीशी नाही. आज मला त्या "का" विषयी बोलावयाचे आहे.

दोन हजार वर्षांचे मत

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीस देशात ॲरिस्टॉटल नावाचा फार मोठा विचारवंत होऊन गेला. त्याने असे प्रतिपादन केले, की वस्तू जितकी जड तितकी ती वेगाने पडते. म्हणजे दहापट जड दगड दहापट वेगाने खाली येईल. ॲरिस्टॉटल मूर्ख नव्हता. तो निसर्गाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारा माणूस होता. झाडाचे पान गिरक्या घेत येते आणि फळ धाडकन पडते, हे आपणही रोज पाहतो.

पण पुढे घडले असे, की ॲरिस्टॉटलचे म्हणणे हा एक विचार न राहता तो शेवटचा शब्द झाला. मोठ्या माणसाने सांगितले आहे, मग तपासून कशाला पाहावयाचे? मधूनमधून शंका घेणारे निघाले. सहाव्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात योहान फिलोपोनस या विद्वानाने लिहून ठेवले, की वजनात कितीतरी फरक असलेल्या दोन वस्तू एका उंचीवरून सोडल्या तर त्यांच्या पडण्याच्या वेळेत अगदीच थोडा फरक पडतो. मात्र त्या आवाजाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

त्यानंतर सुमारे एक हजार वर्षांनी, हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात सायमन स्टेव्हिन या अभियंत्याने आपल्या एका मित्राच्या साहाय्याने प्रयोग केला. त्याने शिशाचे दोन गोळे घेतले. एक दुसऱ्याच्या दहापट जड. ३० फूट उंचीवरून ते दोन्ही एकदम खाली लाकडी फळीवर सोडले. फळीवर आपटण्याचा आवाज दोन वेळा न येता जणू एकच आला. हा प्रयोग १५८६ साली छापून प्रसिद्ध झाला. यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागले नव्हते. दोन गोळे, एक उंच जागा आणि एक फळी. दोन हजार वर्षे ही साधने कोणालाही उपलब्ध होती. साधने होती, पण तपासून पाहण्याची इच्छा नव्हती.

गॅलिलिओचा युक्तिवाद

या विषयात सर्वांत मोठे नाव येते ते इटलीतील गॅलिलिओचे. पिसा येथील कलत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे सोडले ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचलेली असते. ही हकिकत त्याचा शिष्य विव्हियानी याने गुरूच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात आहे. गॅलिलिओने स्वतः आपल्या ग्रंथात मनोऱ्यावरील असा प्रयोग वर्णन केलेला नाही, त्यामुळे इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. पण त्याने जे निश्चितपणे केले ते मनोऱ्याच्या गोष्टीपेक्षाही मोठे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्याचा युक्तिवाद. तो ऐका. समजा, जड दगड वेगाने पडतो आणि हलका दगड सावकाश पडतो, हे आपण मान्य केले. आता ते दोन्ही दगड एका दोरीने एकमेकांना बांधू आणि सोडू. काय होईल? सावकाश पडणारा हलका दगड जड दगडाला मागे ओढील. म्हणजे दोघे मिळून जड दगडापेक्षा हळू पडतील. परंतु दोन्ही दगड बांधल्यावर एकूण वजन तर वाढले. म्हणजे ते एकट्या जड दगडापेक्षाही वेगाने पडावयास हवेत. एकाच गृहीतावरून दोन उलट उत्तरे आली. म्हणजे गृहीतातच खोट आहे. ही अडचण टाळावयाची असेल तर एकच मार्ग राहतो, तो म्हणजे दोन्ही दगड बरोबरच पडतात असे मानणे.

पण गॅलिलिओ नुसत्या युक्तिवादावर थांबला नाही. पडणारी वस्तू फार लवकर खाली येते आणि त्याच्या काळी सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते. म्हणून त्याने पडणे सावकाश केले. त्याने लांब तुळईला गुळगुळीत खाच पाडली, ती थोडी तिरकी ठेवली आणि तीतून पितळी गोळी घरंगळत सोडली. वेळ मोजण्यासाठी मोठ्या भांड्यातून बारीक नळीने पाणी खाली पडू दिले आणि जमलेले पाणी तराजूत तोलले. जितके पाणी तितका वेळ! हा प्रयोग त्याने पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा केला. त्यातून त्याला नियम सापडला : वेळ दुप्पट झाला तर अंतर चौपट होते, वेळ तिप्पट झाला तर अंतर नऊपट होते.

सरळ खाली पडणाऱ्या वस्तूलाही हाच नियम लागतो. पहिल्या सेकंदात ती ४.९ मीटर पडते, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५ आणि चौथ्यात ३४.३ मीटर. या आकड्यांचे प्रमाण १, ३, ५, ७ असे विषम संख्यांचे आहे. म्हणजे वस्तूचा वेग दर सेकंदाला सारख्याच प्रमाणात वाढत जातो. यालाच आपण त्वरण म्हणतो. दर सेकंदाला वेग सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढा वाढतो, हा त्या ९.८ चा अर्थ आहे.

तरुणपणी पिसा येथे शिकवीत असताना गॅलिलिओचे स्वतःचे मत वेगळे होते. वेग वस्तूच्या घनतेवर अवलंबून असतो असे तो मानीत असे. पुढे प्रयोगांती त्याने ते मत सोडून दिले. १६३३ साली धर्मसत्तेने त्याला दुसऱ्या एका कारणासाठी, पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतासाठी, शिक्षा केली आणि घरातच स्थानबद्ध केले. त्या नजरकैदेत म्हाताऱ्या गॅलिलिओने गतिविषयक ग्रंथ पुरा केला. इटलीत तो छापणे शक्य नव्हते म्हणून १६३८ साली हॉलंडमध्ये छापला गेला. माणूस घरात कोंडता येतो, विचार कोंडता येत नाही.

मग पान सावकाश का पडते?

आपल्यापैकी कोणी म्हणेल, "तुमचे सारे खरे, पण पान आणि दगड बरोबर पडत नाहीत हे आम्ही डोळ्यांनी पाहतो." हा आक्षेप रास्त आहे. याचे उत्तर हवेत आहे.

मुलांनो, घरी जाऊन एक प्रयोग करा. एक वही घ्या आणि तिच्यापेक्षा लहान कागदाचा तुकडा घ्या. दोन्ही वेगवेगळे सोडा. वही आधी पडेल, कागद तरंगत येईल. आता तोच कागद चुरगाळून त्याची घट्ट गोळी करा आणि पुन्हा सोडा. दोन्ही जवळजवळ बरोबर पडतील. कागदाचे वजन वाढले का? नाही. वजन तेवढेच राहिले, फक्त हवेला अडविण्यासाठी जागा कमी राहिली. म्हणजे कागदाला उशीर होत होता तो हलकेपणामुळे होणाऱ्या कमी ओढीने नव्हे, तर हवेच्या अडथळ्याने.

पावसाचे उदाहरण घ्या. दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगातून थेंब सुटला आणि वाटेत हवाच नसली, तर जमिनीवर येईपर्यंत त्याचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास जाईल. तसा पाऊस पडला असता तर छत्री काय, कौलेही टिकली नसती. प्रत्यक्षात मोठा टपोरा थेंबसुद्धा ताशी साधारण ३० किलोमीटर वेगानेच पडतो. कारण वेग वाढत गेला की हवेचा विरोधही वाढत जातो आणि शेवटी तो थेंबाच्या वजनाइतका होतो. मग वेग वाढणे थांबते. मोठ्या थेंबाच्या बाबतीत हा समतोल मोठ्या वेगाला साधतो, बारीक थेंबाच्या बाबतीत लहान वेगाला. म्हणून वळवाच्या पावसाचे टपोरे थेंब सपासप लागतात आणि श्रावणातली भुरभुर अलगद अंगावर येते. ॲरिस्टॉटलने जे पाहिले ते हेच. त्याने पाहिलेले खोटे नव्हते, परंतु हवेचा परिणाम आणि पृथ्वीची ओढ या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या नाहीत.

हवा अजिबात नसेल तर काय होते, हे साऱ्या जगाने २ ऑगस्ट १९७१ रोजी पाहिले. अपोलो-१५ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभे होते. त्यांच्या एका हातात सव्वा किलोहून थोडा जड हातोडा होता आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस. त्यांनी दोन्ही एकदम सोडले. चंद्रावर हवा नाही. पीस तरंगले नाही, गिरकी घेतली नाही. हातोडा आणि पीस बरोबरच चंद्राच्या धुळीत पडले. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश असल्यामुळे दोघांनाही पडावयास सव्वा-दीड सेकंद लागला, पण लागला तो सारखाच.

आता "का" चे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते, हे खरे आहे. मग ती आधी का पडत नाही?

बाजारातली हातगाडी डोळ्यांसमोर आणा. रिकामी हातगाडी एका धक्क्याने चालू लागते. तिच्यावर दहा पोती लादली, की तीच हातगाडी सपाट रस्त्यावरसुद्धा हलता हलत नाही. एकदा चालू झाली की थांबवितानाही तितकीच दमछाक होते. रस्ता सपाट आहे, आपण गाडी वर उचलीत नाही, तरी ती विरोध करते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. वस्तुमान जितके जास्त तितके जडत्व जास्त, तितका वेग बदलावयास विरोध जास्त.

म्हणजे वस्तुमान एकाच वेळी दोन कामे करते. एका बाजूने ते पृथ्वीची ओढ वाढविते. दुसऱ्या बाजूने ते हलण्याला होणारा विरोध वाढविते. एक किलोच्या दगडाला पृथ्वी ९.८ न्यूटन बलाने ओढते. दहा किलोच्या दगडाला ९८ न्यूटन बलाने, म्हणजे दहापट ओढते. पण दहा किलोच्या दगडाला गती देणे दहापट कठीणही आहे. ९८ ला १० ने भागा, ९.८ येतात. ९.८ ला १ ने भागा, ९.८ च येतात. एका गाडीला एक बैलजोडी जुंपली आणि दहा गाड्यांना दहा जोड्या जुंपल्या, तर दहा गाड्या पुढे जात नाहीत की मागे पडत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. ओढ दहापट, पण ओझेही दहापट.

न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे गणिताने मांडले. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हा त्याचा गतीचा नियम. आणि गुरुत्वाकर्षणाचे बल दोन्ही वस्तूंच्या वस्तुमानाच्या गुणाकारावर व अंतराच्या वर्गावर अवलंबून असते, हा गुरुत्वाकर्षणाचा नियम. दोन्ही नियम एकत्र मांडले की पडणाऱ्या वस्तूचे वस्तुमान दोन्हीकडे येते आणि कटते. उरते ते फक्त पृथ्वीचे वस्तुमान आणि तिच्या केंद्रापासूनचे अंतर. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ वर २४ शून्ये एवढे किलोग्रॅम आणि त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर. हे आकडे घातले की उत्तर ९.८ येते. म्हणजे ९.८ हा दगडाचा गुण नाही, तो पृथ्वीचा गुण आहे. म्हणूनच जागा बदलली की तो थोडा बदलतो. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३, आणि आपल्या मुंबईत सुमारे ९.७९. पण एका ठिकाणी तो सोन्याला जेवढा, तेवढाच मातीला.

वस्तुमान कटले, म्हणून प्रश्न संपला का?

मित्रहो, परीक्षेपुरता प्रश्न येथे संपतो. पण शास्त्रज्ञांना येथेच झोप लागेना. त्यांनी विचारले, ओढ ठरविणारे वस्तुमान आणि विरोध ठरविणारे वस्तुमान ही दोन्ही एकच कशावरून? ही अडचण समजण्यासाठी विजेचे उदाहरण घ्या. विजेच्या क्षेत्रात वस्तूला किती ओढ लागेल हे तिच्या विद्युतभारावर ठरते, वस्तुमानावर नव्हे. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यावरील विद्युतभार सारखाच, फक्त उलट जातीचा. पण प्रोटॉन १,८३६ पट जड आहे. त्यामुळे सारख्याच विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉनचे त्वरण प्रोटॉनच्या १,८३६ पट होते. तेथे काहीही कटत नाही. मग गुरुत्वाकर्षणातच हे दोन आकडे इतके तंतोतंत कसे जुळतात? हे नुसत्या तर्काने ठरत नाही. मोजूनच पाहावे लागते.

न्यूटनने ते मोजले. त्याने दोन सारख्या गोल लाकडी पेट्या ११ फूट लांबीच्या दोऱ्यांना टांगल्या आणि त्यांचे लंबक केले. एकीत लाकूड भरले आणि दुसरीत त्याच वजनाचे सोने. मग चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहूसुद्धा! पेट्या बाहेरून सारख्याच असल्यामुळे हवेचा अडथळाही सारखाच. पदार्थापदार्थांत थोडाही फरक असता, तर शेकडो झोक्यांनंतर एक लंबक मागे पडला असता. तसे झाले नाही. हजारात एक भाग फरक असता तरी तो आपल्या लक्षात आला असता, असे न्यूटनने नमूद केले आहे. सोने आणि गहू पृथ्वीच्या दरबारात सारखेच ठरले.

पुढे हंगेरीतील लोरांड एटव्हॉश याने बारीक तारेला आडवी दांडी टांगून, तिच्या दोन टोकांना वेगवेगळे पदार्थ लावून ही तपासणी केली. पदार्थांत फरक असता तर दांडी किंचित वळली असती. १८९० च्या सुमारास त्याने दोन कोटींत एक भाग इतक्या सूक्ष्मतेपर्यंत फरक नसल्याचे दाखविले, आणि पुढे त्याहूनही सूक्ष्म मोजमापे केली.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. १९८६ साली अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी एटव्हॉशच्या जुन्या आकड्यांची फेरतपासणी केली आणि निसर्गात एखादे "पाचवे बल" असावे, अशी शंका प्रसिद्ध केली. साऱ्या जगात खळबळ उडाली. त्यावेळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रामनाथ कौसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे जमिनीखालील प्रयोगशाळेत, रहदारी आणि तापमानाच्या गडबडीपासून दूर, अतिशय नाजूक तारेचा तराजू उभारून तपास केला. त्यांना अशा बलाचा पुरावा मिळाला नाही. इतर देशांतील प्रयोगांचाही कौल तोच आला. शंका घेणारे चुकले म्हणून त्यांना कोणी वाळीत टाकले नाही. शंका मांडली, तपासली, निकाल लागला.

२०१६ साली फ्रान्सच्या अंतराळ संस्थेने मायक्रोस्कोप नावाचा उपग्रह सोडला. त्यात प्लॅटिनम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूंचे दोन नळकांडे एकात एक ठेवले होते. पृथ्वीभोवती फिरणे म्हणजे सतत पडतच राहणे, आणि उपग्रहात हे पडणे दोन-तीन सेकंदांत न संपता महिनोन्‌महिने चालते. २०२२ साली त्याचा अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकावर १५ शून्ये एवढे भाग केले, तर त्यातील दोन-चार भागांच्या मर्यादेपर्यंतही दोन धातूंच्या पडण्यात फरक दिसला नाही. आणि २०२३ साली युरोपातील सर्न प्रयोगशाळेने दाखविले, की प्रतिद्रव्याचा हायड्रोजन अणूसुद्धा वर न जाता खालीच पडतो.

आइनस्टाइनचे उत्तर

इतका मेळ योगायोगाने बसणार नाही, असे आल्बर्ट आइनस्टाइनच्या मनाने घेतले. १९०७ साली त्याच्या मनात विचार आला, की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडता पडता स्वतःचे वजन जाणवणार नाही. त्याच्याबरोबर पडणाऱ्या वस्तू त्याला शेजारी स्थिर दिसतील, कारण सर्वच सारख्या पडत आहेत. अंतराळस्थानकातील मंडळी तरंगताना दिसतात ती याच कारणाने. तेथे पृथ्वीची ओढ नाही असे पुष्कळांना वाटते. परंतु ४०० किलोमीटर उंचीवरही ती ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. स्थानक, माणसे, पाण्याचा थेंब, सारे एकत्र पडत आहेत, म्हणून तरंगल्यासारखे दिसतात.

या एका विचारावर त्याने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत पूर्ण केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गुरुत्वाकर्षण ही दोरी बांधून ओढण्यासारखी गोष्ट नाही. मोठे वस्तुमान आपल्याभोवतीच्या अवकाश आणि काळालाच वळण देते आणि पडणारी वस्तू त्या वळणावरून जाते. घाटातील रस्त्याला वळण असले तर ते बैलगाडीलाही तेच आणि मालट्रकलाही तेच. वळण वाहनाचे नसते, रस्त्याचे असते. म्हणून सर्व वस्तू सारख्या पडतात. न्यूटनच्या गणितात जो विलक्षण योगायोग होता, तोच आइनस्टाइनच्या विचाराचा पाया झाला.

रोजच्या जगण्यात

आता कोणी म्हणेल, या साऱ्याचा आपल्या संसाराशी काय संबंध? आपल्या वस्तीतील कितीतरी बंधू-भगिनी इमारतींच्या कामावर जातात. तेथे एक समजूत असते, की वीट पडली तर धोका, लहानसा नटबोल्ट पडला तर काय होणार? हिशेब करून पाहू. मजल्याची उंची तीन मीटर धरली, तर एका मजल्यावरून पडलेली वस्तू खाली येताना तिचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. चार मजल्यांवरून ५५, आणि नऊ मजल्यांवरून ८३. विटेला वेगळा आकडा आणि बोल्टला वेगळा असे नाही. नऊ मजल्यांवरून आलेला लहान बोल्टही फिरकी गोलंदाजाच्या चेंडूच्या वेगाने येतो, आणि तो लोखंडाचा असतो. ५० ग्रॅमच्या बोल्टचा आघात तीन किलोच्या विटेच्या साठाव्या हिश्शाइतका खरा, पण उघड्या डोक्याला तेवढाही पुरतो. आणि वरून कोणी "बाजूला व्हा" म्हणून ओरडला, तर ऐकून, समजून, सरकण्यासाठी हातात अडीच सेकंदसुद्धा नसतात. म्हणून कामावर शिरस्त्राण घालणे ही मुकादमाला दाखविण्याची गोष्ट नव्हे. वरून येणारी वस्तू हलकी आहे म्हणून ती सावकाश येणार नाही. हे ज्याला समजले त्याच्या घरी विज्ञान पोहोचले.

आपल्या संविधानात १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. त्यातील अनुच्छेद ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. हे कर्तव्य केवळ प्रयोगशाळेत बसणाऱ्यांचे नाही. वाण्याच्या दुकानातील पन्नास ग्रॅमचे आणि एक किलोचे अशी दोन वजने आणून, खुर्चीवर उभे राहून वाळूच्या ढिगावर एकदम सोडणारा सातवीतला मुलगा किंवा मुलगी ते कर्तव्य बजावीत असते.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमचा गौरव झाला तो गुणांसाठी. गुण मिळवाच, त्यांच्याशिवाय पुढची दारे उघडत नाहीत. पण प्रश्नपत्रिकेत ९.८ लिहून झाल्यावर पेन खाली ठेवताना स्वतःला विचारा, हे कोणी मोजले, कसे मोजले, आणि मला ते घरी पाहता येईल का? ॲरिस्टॉटलचे मत दोन हजार वर्षे टिकले ते त्याच्या बुद्धीमुळे नव्हे, तर न विचारणाऱ्यांच्या संख्येमुळे. आणि ते मत कोसळले ते दोन शिशाच्या गोळ्यांनी, एका फळीने आणि भांडभर पाण्याने. ही साधने आजही आपल्या आवाक्यात आहेत.